मुनिमाची अट : बिटकॉइनमधील खर्चाचा मुखत्यार अधिकार

मुंबईकडून व कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग १८७० साली जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. त्या शतकात तेथील राजा गोकुळदास यांची पेढी मध्य प्रांतातील मोठ्या सावकारी पेढ्यांत गणली जाई. त्या काळच्या सावकारीत हुंडीचे अनेक प्रकार प्रचलित होते. त्यांपैकी शहाजोग हुंडी नुसती दाखविल्याने वटत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्या हातून ती सादर व्हावी लागे. अधिकार कागदाचा, पण तो वापरण्यास दुसरी एक अट, अशी ती रचना होती.

जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइन चलनात अशीच रचना साधता येते. बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीत खातेदाराची शिल्लक लिहिलेली नसते. असतात त्या केवळ न खर्चिलेल्या जावक नोंदी. प्रत्येक नोंदीस अटींचे कुलूप असते. या अटलेखास स्क्रिप्ट म्हणतात. नोंद खर्च करावयाची म्हणजे ती नव्या व्यवहारात आवक म्हणून घालून योग्य किल्लीची सही द्यावयाची.

समजा, मालकाची मोठी नोंद ‘क’ आहे. ती खर्चण्याचा अधिकार मुनिमास द्यावयाचा आहे, पण गुप्त किल्ली द्यावयाची नाही. मुनिमाच्या कुलपाची ‘ख’ ही अगदी लहान रकमेची नोंद वहीत आधीच असली पाहिजे. मालक ‘क’साठी जी सही करतो ती ‘सिगहॅश नन’ प्रकारची असते. ही सही ‘क’ आणि ‘ख’ या दोन्ही आवक नोंदी बांधून ठेवते. पैसे कोणास जावयाचे हे मात्र मोकळे सोडते. ‘ख’वाचून ही सही निरुपयोगी, आणि ‘ख’ची किल्ली मुनिमाकडे. ‘ख’च्या कुलपात तीन मुनिमांपैकी दोघांच्या सह्या हव्यात अशीही अट घालता येते, ‘क’च्या कुलपास हात लावावा लागत नाही, हा या युक्तीचा खरा गुण होय.

येथे एक धोका आहे. मुनिमाने ‘ख’वर करावयाची सही सर्व जावक नोंदी बांधणारीच, म्हणजे ‘सिगहॅश ऑल’, असली पाहिजे. त्यानेही जावक बाजू मोकळी सोडली, तर तो व्यवहार कोऱ्या धनादेशासारखा होतो, आणि वाटेत ज्याच्या हाती पडेल तो रक्कम आपल्या नावे वळवून घेऊ शकतो.

दिलेला अधिकार परत घ्यावयाचा, तर मालकाने ‘क’ स्वतःच अन्यत्र खर्चून टाकावी. मुनिमास पत्र लिहून भागत नाही. ‘सिगहॅश नन’ प्रकारच्या सहीने दिलेल्या अधिकारास रकमेची मर्यादा मात्र घालता येत नाही. अशा सहीने मुनिमास ‘क’चा थोडाच भाग द्यावयाचा असेल, तर मालकाने आधी ‘क’ मोडून लहान नोंदी कराव्यात आणि त्यांपैकी एकीपुरतीच सही द्यावी.