धम्मपाठ : पहिले शील आणि हुकुमाचे ताबेदार



आपण रोज त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. पुष्कळांना वाटते, ‘आपण कुठे कुणाचा खून करणार? हे शील तर सोपेच.’ हा समज तपासून पाहा.

हिटलरच्या राजवटीत लाखो ज्यू मारले गेले. ते मारणारे सगळेच क्रूरकर्मे होते काय? दि. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफूफ गावी हॅम्बुर्गच्या राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी गेली. सुमारे पाचशे माणसे. पुष्कळसे गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून. वयाने प्रौढ, बायकामुलांचे धनी. कामाच्या उपयोगी ज्यू पुरुषांना वेगळे काढून बाकी स्त्रिया, मुले, म्हातारे यांना गोळ्या घालण्याचा हुकूम होता. तो सांगताना मेजर ट्राप यांचे डोळे भरून आले. ज्या वयस्क शिपायांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असेही ते म्हणाले. बाजूला झाले सुमारे बारा जण! त्यांना कोणी फासावर दिले नाही. पुढे काम चालू असताना आणखी काही जण मागे सरले. पण रात्रीपर्यंत सुमारे दीड हजार निरपराध जीव गेले.

असे का घडले?

१. द्वेषाची शिकवण : ज्यू म्हणजे माणूसच नव्हे, असे वर्षानुवर्षे कानी घातले गेले होते. अस्पृश्यतेची शिकवण हीच. तिचे चटके आपल्या वाडवडिलांनी सोसले आहेत.

२. हुकूम : ‘जबाबदारी वरच्याची, मी फक्त ताबेदार,’ अशी मनाची समजूत.

३. चारचौघांची लाज : सोबती भेकड म्हणतील, ही भीती.

४. सवय : पहिल्या दिवशी कित्येकांना मळमळले. पुढे हात सरावले. याच तुकडीने नोव्हेंबर १९४३ पर्यंत किमान ३८,००० ज्यूंना गोळ्या घातल्या.

भगवंतांनी लोभ, द्वेष, मोह ही अकुशलाची मुळे सांगितली. इथे द्वेष बाहेरून भरला गेला आणि मोहाने विवेक झाकला.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम नुसता पाळायचा असतो. तत्त्व विचार करायला लावते आणि कृतीची जबाबदारी आपल्यावर टाकते. अहिंसा हे बुद्धाचे तत्त्व आहे. म्हणूनच शील प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने घ्यायचे असते. आपल्या वतीने ते दुसरा कोणी घेऊ शकत नाही आणि दुसऱ्याच्या हुकुमाने ते सुटतही नाही.

तेव्हा शीलाची तयारी घरापासून करा. कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला जनावराची, किड्याची उपमा देणारे बोलणे घरात ऐकून घेऊ नका. मुलांना आज्ञाधारकपणाबरोबर ‘नाही’ म्हणण्याचे धैर्यही शिकवा. जमाव एका दिशेने धावू लागला, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारा : हे मी एकट्याने केले असते काय?

त्या बारा जणांनी काही मोठा पराक्रम केला नाही. ते फक्त बाजूला झाले. पाचशेही तसे बाजूला झाले असते तर?

घरी चर्चेसाठी :
१. हुकूम आणि शील यांत विरोध आला, तर काय करावे?
२. वस्तीतील भांडणात आपण कोणाच्या भीतीने गप्प बसतो?

जयभीम!