उलटसुलट चौक, रेलून चालवायची सायकल: काय करावे, काय टाळावे

पुण्यातले रस्ते गेल्या काही वर्षांत इतके बदलले, की रोजच्या वाटेवरही माणूस चुकतो. विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला तिथे रॅम्पांचे नवे जाळे खुले झाले. नळस्टॉपला मेट्रोच्या खालून उड्डाणपूल गेला. ही सगळी आखणी मोटारीसाठी झाली. सायकलवाल्याने त्यातून कसे जायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. माझ्या मते सगळी सुरक्षितता दोन गोष्टींवर उभी आहे: आपली वाट चौकात शिरण्याआधी ठरलेली असावी, आणि आपण कुठे जाणार हे मागच्या माणसाला आधीच कळावे. रेलून चालवायच्या सायकलला, म्हणजे रिकम्बंटला, हे दुपटीने लागू आहे. ही सायकल आपल्याकडे फारशी दिसत नाही. ती दिसावी असे मला मनापासून वाटते, म्हणून तिच्याविषयीही पुढे लिहिले आहे.

निघण्याआधी

करा: नव्या चौकातून रोज जायचे असेल, तर आधी एखाद्या रविवारी पहाटे तिथे चक्कर मारून या. कुठली मार्गिका कुठे सुटते, पाणी कुठे साचते, डावे वळण सिग्नलच्या आधी आहे की नंतर, हे रस्ता रिकामा असतानाच नीट दिसते. नकाशात चांदणी चौक सपाट दिसतो. प्रत्यक्षात रस्ते एकावर एक आहेत, आणि कोथरूडहून बावधनला निघालेला माणूस एक रॅम्प चुकला तर थेट महामार्गावर उतरतो.

टाळा: मोबाइलवर दाखवलेल्या दुचाकीच्या मार्गावर विसंबून राहणे. मोटारसायकलला पूल सोयीचा, सायकलला बहुतेक वेळा पुलाखालचा रस्ता.

टाळा: वाट चुकली म्हणून उलट दिशेने परत येणे. पुढे जा, डावीकडे थांबा, उतरा आणि मग विचार करा. पाच मिनिटे गेली तर जाऊ देत.

उड्डाणपूल

करा: पूल सुरू व्हायच्या बऱ्याच आधी डावी बाजू धरा. पुलाच्या तोंडाशी मन बदलणारे मोटारवाले ऐन वेळी डावीकडे घुसतात, तेव्हा तुम्ही त्यांच्या वाटेत नसावे.

करा: पूल उतरतो तिथे वेग कमी करा. खरा धोका चढताना नसतो, या जागी असतो. पुलावरून उतरणाऱ्यांपैकी अनेकांना लगेच डावीकडे वळायचे असते, खालून येणाऱ्यांपैकी काहींना उजवीकडे, आणि दोघांच्या वाटा थोडक्या अंतरात एकमेकींना छेदतात. सायकल नेमकी त्या कात्रीत सापडते. मागे वळून बघा, गाड्यांचा एक लोंढा पुढे जाऊ द्या आणि मधल्या मोकळ्या वेळात निघा. सिग्नलमुळे गाड्या झुंडीने येतात, त्यामुळे अशी उसंत मिळतेच.

टाळा: नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. तिथे अवजड गाड्यांचे ताबा सुटून वारंवार अपघात झाले आहेत. साताऱ्याच्या बाजूने परतताना जुन्या कात्रज घाटाने या. चढ आहे, पण जिवाला घोर नाही. मुंबईच्या दिशेला द्रुतगती मार्गावर तर सायकलला बंदीच आहे. लोणावळ्याला जुन्या महामार्गाने जा.

चौक

करा: मोठ्या चौकात उजवे वळण दोन टप्प्यांत घ्या. आधी सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल वळवून त्या रस्त्याच्या सिग्नलची वाट पाहा, मग निघा. टिळक चौकात, म्हणजे अलका टॉकीजपाशी, लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता, केळकर रस्ता आणि लकडी पूल एकत्र येतात. तिथे एका वेळी एकच रस्ता ओलांडायचा, असे ठरवले तर बाकी गोंधळाशी तुमचा संबंधच उरत नाही.

करा: सरळ जायचे असेल, तर डावीकडे सुटणाऱ्या मोकळ्या वळणाच्या मार्गिकेत शिरू नका. तिच्या उजवीकडची मार्गिका आधीच धरा. अगदी कडेने सरळ जाणाऱ्या सायकलला डावीकडे वळणारी मोटार हमखास आडवी येते.

करा: हात पूर्ण लांब करून दाखवा आणि नजर मिळवा. रिक्षावाल्याने तुमच्याकडे पाहिले, मान हलवली, की काम झाले.

टाळा: सिग्नलला डंपर किंवा ट्रकच्या अगदी पुढ्यात अथवा डाव्या कुशीत थांबणे. उंच केबिनमधून बंपरसमोरची जागा चालकाला दिसत नाही. तुम्हाला त्याचा चेहरा आरशात दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. असा ट्रक असेल तर मागे राहा. या एका बाबतीत तडजोड नको.

टाळा: थांब्यावरची पीएमपी बस आणि पदपथ यांच्या फटीतून जाणे. प्रवासी उतरत असतात.

चौकातल्या वर्तुळात आधी आलेल्याला वाट देणे हा नियम आहे. तुम्ही पाळा, समोरचा पाळेलच, असे धरून चालू नका.

आणि चौक फारच अंगावर आला तर उतरा. सायकल हातात धरून झेब्रावरून चालत जा. त्यात कमीपणा अजिबात नाही. वर्षानुवर्षे सायकल चालवणारेही स्वारगेटला हेच करतात, आणि मुलांना तर पहिल्या दिवसापासून हेच शिकवावे.

ट्रॅक, जाळ्या, सांधे

करा: सायकल ट्रॅक जिथे संपतो, त्याच्या आधीच रस्त्यावर उतरायची जागा हेरून ठेवा. जंगली महाराज रस्ता असो वा सातारा रस्ता, ट्रॅक मध्येच तुटतो, कधी त्यावर गाड्या लावलेल्या असतात. शेवटच्या टोकावरून एकदम खाली उतरलात, तर मागून येणाऱ्याला ब्रेक मारायला वेळ मिळत नाही.

करा: काँक्रीट आणि डांबर जिथे जुळते तो लांब सांधा तिरका ओलांडा. त्याला समांतर चालवले तर चाक आत अडकते. पावसाळी गटारांच्या जाळ्यांचेही तेच.

टाळा: ओल्या झेब्रावर, रंगाच्या पट्ट्यांवर आणि लोखंडी पत्र्यांवर ब्रेक दाबणे किंवा वळणे.

रिकम्बंट घेताना

पाठ टेकून बसायचे आणि पाय समोर सोडून पेडल मारायचे, अशी ही सायकल. तिला नवे खूळ समजणाऱ्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच सायकलवर पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही घडणच शर्यतींतून बाहेर काढली. सायकलची दुसरी वाट तिथेच अडली, याचे मला आजही वाईट वाटते. तरी ती वाट बंद पडली नाही: २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात टॉड रायकर्टने पूर्ण कवच असलेली रिकम्बंट सपाट रस्त्यावर ताशी १४४.१७ किलोमीटर वेगाने पळवली, तीही केवळ पायांच्या जोरावर. रेललेले शरीर वाऱ्याला कमी अडवते, हे त्यामागचे मुख्य कारण.

करा: शहरात चालवायची असेल तर उंच आसनाची घ्या. अशा सायकलवर तुमचे डोळे मोटारचालकाच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. जमिनीलगतची बैठक मोकळ्या रस्त्यांसाठी.

करा: तोल सांभाळायची भीती वाटत असेल, पाठ किंवा गुडघे दुखरे असतील, तर पुढे दोन चाके आणि मागे एक अशी तीनचाकी पाहा. तिची रुंदी साधारण ८० सेंटीमीटर असते. तुमच्या सोसायटीचे फाटक, लिफ्ट आणि ट्रॅकवरच्या खुंट्यांमधली जागा आधी टेपने मोजा.

करा: बूम, म्हणजे पेडल धरणारा पुढचा दांडा, नीट लावून घ्या. पेडल सर्वांत लांब असताना गुडघ्यात किंचित बाक राहिला पाहिजे. दांडा फार जवळ असला तर गुडघे दुखतात, फार लांब असला तर घोट्यामागची शीर ओढली जाते.

टाळा: तीनचाकीवर साध्या पेडलवर पाय नुसता टेकवून चालवणे. खड्ड्यात पाय निसटून जमिनीला लागला, तर सायकल पुढे जाते, पाय आडव्या दांड्याखाली ओढला जातो आणि हाड मोडू शकते. पाय धरून ठेवणारे पेडल किंवा टाचपट्टा हवाच.

रिकम्बंट रस्त्यावर

करा: आरसा लावा, उजवीकडे तर नक्कीच. रेलून बसल्यावर मान पुरती मागे वळत नाही.

करा: उंच काठीला झेंडा लावा, भडक नारिंगी किंवा हिरवा. सायकल जितकी बुटकी, तितकी काठी उंच. फडफडणारे कापड स्थिर दिव्याआधी नजरेत भरते. वारीच्या गर्दीत पताका आधी दिसते, माणूस मागून. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

करा: थांबण्याआधीच हलका गिअर टाका. उभे राहून जोर लावायची सोय इथे नाही, त्यामुळे जड गिअरमध्ये सिग्नल सुटला तर सायकल जागची हलत नाही आणि मागे हॉर्न सुरू होतात. घाटातही हेच: हलका गिअर, भरभर फिरणारे पाय, संथ वेग. चढावर ही सायकल मागे पडते, हे मान्य करून टाकावे.

टाळा: तीनचाकी वेगात वळवताना ताठ बसणे. वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवा, नाहीतर आतले चाक उचलले जाते.

टाळा: चालत्या सायकलवरून गप्पा. स्कूटरवाला शेजारी येतो, एका हाताने मोबाइल धरून चित्रीकरण करतो आणि विचारतो, "केवढ्याला पडली? बॅटरी आहे का हिला?" त्याचे कुतूहल खरे असते, पण त्याचे लक्ष रस्त्यावर नसते. हात करून त्याला पुढे जाऊ द्या, किंवा कडेला थांबून मनसोक्त बोला.

आनंदासाठी

करा: खडकवासल्याच्या पुढे पानशेतच्या रस्त्याला पहाटे निघा. साध्या सायकलवर ओणवे बसून तासाभराने मान आखडते, मनगटे बधिर होतात आणि नजर पुढच्या चाकाजवळच्या डांबरावर राहते. रिकम्बंटवर हातांवर भारच नसतो. पाठ आसनात विसावलेली, छाती मोकळी, आणि मान न उचलता समोर अख्खा सिंहगड, त्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यासकट. वडाच्या फांद्या डोक्यावरून सरकत जातात. उजव्या हाताला धरणाचे पाणी लागते, त्यावर उडणारे बगळे दिसतात. समोरून वारा आला की इतर सायकलवाले खाली वाकतात, तुम्ही तसेच रेललेले राहता आणि वेग टिकतो. चार तासांनी उतरल्यावर फक्त पाय दमलेले असतात, बाकी अंग दुखत नाही. ज्यांनी पाठीच्या दुखण्यामुळे सायकल सोडली, त्यांनी तरी एकदा हिच्यावर बसून पाहावे.

करा: ओळखीच्या माणसांना चक्कर मारू द्या, मात्र शाळेच्या किंवा सोसायटीच्या मोकळ्या मैदानात. दोनचाकी रिकम्बंट सुरू करताना एक पाय पेडलवर वर, खांदे सैल, आणि एकच जोरदार लोट. हँडल घट्ट आवळले की सायकल नागमोडी पळते. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेकांना जमते.

टाळा: तुमच्याच मापाच्या बूमवर उंच किंवा बुटक्या माणसाला बसवणे. दांडा सरकवून द्या, आणि खूप सरकवावा लागला तर साखळीचे दुवेही कमीजास्त करावे लागतील, ते चालवायला देण्याआधी पाहून घ्या.