यादीतले नाव आणि पेटीतले यंत्र

ज्यांनी उमेदीचा काळ सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्स यांच्या वर्कस्टेशनसमोर घालवला आणि पुढे तीच यंत्रे लिलावांतून किलोच्या भावाने भंगारात जाताना पाहिली, त्यांना त्यांपैकी एखादे घरी आणून त्यावर नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडी यांसारखी युनिक्स कुळातील आजची कार्यप्रणाली बसवावी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पुणेकराला तर त्याचे एक स्थानिक कारणही आहे. १९९८ साली सी-डॅकने येथे सिद्ध केलेल्या ‘परम १००००’ या महासंगणकात सनचेच अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते, आणि त्या नावाचा दबदबा त्या पिढीच्या मनातून अजून गेलेला नाही. हा छंद मी पुष्कळ वर्षे केला, त्यात पैसा आणि त्याहून अधिक रविवार घालवले, आणि आता नव्याने या वाटेला लागणारे लोक सल्ला मागतात तेव्हा जे सांगतो तेच येथे नमूद करीत आहे.

नवागताचा पहिला प्रश्न ‘हे यंत्र चालेल का?’ असा असतो. त्याचे उत्तर तो कार्यप्रणालीच्या समर्थित यंत्रांच्या यादीत शोधतो, नाव सापडले की त्याची खातरजमा होते आणि तो सौदा करून मोकळा होतो. यादी खोटी नसते. परंतु सातबाऱ्यावर नाव असावे आणि वहिवाट मात्र भलत्याचीच असावी, तशी गत येथे वारंवार होते. कारण यादी यंत्राच्या नावाची असते आणि कार्यप्रणालीची गाठ पडते ती पेटीच्या आतील प्रत्येक भागाशी. सिलिकॉन ग्राफिक्सचे १९९६ सालचे ओ२ घ्या. बाहेरून एकसारखी दिसणारी ही निळी पेटी कधी आर५००० प्रोसेसरची असते, तर कधी आर१०००० ची. लिनक्सने पहिली स्वीकारली आणि दुसरी कधीच नीट स्वीकारली नाही. आर१०००० हा पुढे कोणती आज्ञा येईल याचा तर्क बांधून स्मृतीतील मजकूर आगाऊ उचलून ठेवतो, आणि डिस्क किंवा नेटवर्क परस्पर स्मृतीत लिहीत असताना त्याच्या कॅशमध्ये जुनाच मजकूर राहणार नाही असा बंदोबस्त ओ२ च्या रचनेत नाही. परिणाम असा की महागडे, अधिक वेगवान आणि अधिक ऐटीचे यंत्र घेणारा फसतो आणि साधे घेणाऱ्याचे काम होते. सनच्या स्पार्कस्टेशन २० चाही मामला याच जातीचा: त्याच्या एमबस खाचेत सनचे सुपरस्पार्क मॉड्यूल असते किंवा रॉस कंपनीचे हायपरस्पार्क, आणि हायपरस्पार्क ओळखण्यास पुरेसा नवा ओपनबूट, म्हणजे यंत्र सुरू करणारा सनचा अंगभूत कार्यक्रम, चिपमध्ये नसेल तर प्रोसेसर निर्दोष असूनही यंत्र मुके राहते. म्हणून खरेदीपूर्वी झाकण उघडून आतील प्रत्येक कार्डावरचा भाग-क्रमांक उतरवून घ्यावा. विक्रेत्याच्या ‘चालू हालत’ या शब्दांवर विसंबू नये. त्याच्या लेखी पंखा फिरला आणि हिरवा दिवा लागला की यंत्र चालू.

परंतु या छंदात सर्वांत अधिक लोकांना ज्याने रडवले आहे तो भाग प्रोसेसर नव्हे, चित्रपत्ता नव्हे, तर अंगठ्याएवढी एक काळी चिप आहे. एम४८टी०२, एम४८टी०८, आणि सनच्या अल्ट्रा ५ व अल्ट्रा १० मध्ये एम४८टी५९ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या चिपमध्ये यंत्राचे घड्याळ, त्याच्या सेटिंगा आणि त्याची ओळख, म्हणजे इथरनेटचा पत्ता व होस्ट आयडी, यांचा संग्रह असतो. आणि हे सारे जिवंत ठेवणारी लिथियमची घटमाला चिपच्या डोक्यावरच रेझिनमध्ये कायमची कोंडलेली असते. दहाएक वर्षांच्या हिशेबाने केलेली ही तजवीज कधीच संपली आहे. मृत चिपचे यंत्र चालू केले की ‘आयडीप्रॉममधील मजकूर अवैध आहे’ अशा अर्थाची ओळ उमटते, इथरनेटच्या पत्त्याच्या जागी सगळीकडे एफएफ दिसतात, आणि ज्याला आतील गोष्ट ठाऊक नाही तो मदरबोर्ड निकामी झाला असे समजून चांगले यंत्र फेकून देतो. असे फेकलेले एक अल्ट्रा ५ माझ्याकडे आजही विनातक्रार चालते.

उपाय कष्टाचा नाही, केवळ चिकाटीचा आहे. ओपनबूटचा ‘ओके’ हा संकेत पडद्यावर आला की तेथे फोर्थ भाषेत थेट हुकूम देता येतात, आणि ‘एमकेपी’ या हुकुमाने ओळखीचे सोळा बाइट एकेक करून पुन्हा लिहिता येतात: पहिला नेहमी १, दुसरा यंत्राच्या प्रकाराचा, पुढचे सहा इथरनेट पत्त्याचे (सनच्या जुन्या यंत्रांत त्याचा आरंभ ८-०-२० असा असतो), त्यानंतर चार तारखेचे, तीन होस्ट आयडीचे, आणि शेवटचा आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सॉर करून येणारा पडताळा. हा पडताळा हाताने काढण्याच्या भरीस पडू नये. फोर्थमध्ये एका ओळीचे आवर्तन लिहून तो यंत्राकडूनच काढून घ्यावा, कारण एक बिट चुकला तरी यंत्र पुन्हा तीच कैफियत मांडते. पत्त्याचे शेवटचे अंक बहुधा चिपवरील चिकटपट्टीवर छापलेले असतात, सबब चिप काढण्यापूर्वी ते वहीत उतरवावे. घटमाला मेलेली असेल तर वीज गेली की हा सारा उद्योग पुन्हा करावा लागतो. म्हणून नवी चिप मिळवावी, किंवा हात स्थिर असेल तर रेझिन हलकेच कोरून बाहेरून नाण्याएवढा सेल जोडावा. त्या काळी हजारो डॉलरांची अभिकल्प-प्रणाली ज्या होस्ट आयडीला बांधलेली असे, तो या एवढ्याशा सेलच्या भरवशावर होता, हे आठवले की निर्मात्यांच्या धाडसाचे आश्चर्य वाटते. याच चिपमध्ये जुन्या मालकाचा परवलीचा शब्दही दडलेला असू शकतो, आणि ओपनबूटची सुरक्षा ‘फुल’ या पातळीवर ठेवलेली असेल तर तो शब्द दिल्यावाचून यंत्र सुरूच होत नाही. लिलावातील यंत्रांबाबत हे आधी विचारून घ्यावे.

यानंतरची अडचण पडद्याची. सनचा तेरा-डब्ल्यू-तीन जोड आणि स्वतःचा निराळा कीबोर्ड शोधत बाजार पालथा घालण्याचे कारण नाही. कीबोर्ड न जोडता यंत्र चालू केले की ओपनबूट आपण होऊन पहिल्या सिरियल पोर्टवर बोलू लागतो, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. नल-मॉडेम केबल आणि कोणताही लॅपटॉप एवढ्यावर भागते. मात्र त्या केबलच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र बंद केले की कधीकधी वाहिनीवर ‘ब्रेक’ जातो आणि सन आहे त्या स्थितीत थबकून पुन्हा ओके संकेतावर येऊन उभा राहतो. रात्रभर चाललेले संकलन सकाळी असे गोठलेले पाहून एका मित्राने वीज बंद केली होती. ‘गो’ एवढे टंकले असते तर काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू झाले असते.

सीडीवरून प्रतिष्ठापना करणाऱ्याने ध्यानात ठेवावे की जुनी स्पार्कस्टेशने ५१२ बाइटांचे खंड वाचणाराच सीडी ड्राइव्ह मानतात. बाजारातील सर्वसाधारण स्कझी ड्राइव्ह २०४८ चे खंड देतो आणि डिस्क उत्तम असूनही यंत्र ती नाकारते. तोशिबाच्या काही ड्राइव्हांत यासाठी जंपर असतो. मी स्वतः सीडीचा नाद सोडून नेटवर्कवरूनच यंत्र उठवतो. त्यात रार्प आणि टीएफटीपी या दोन जुन्या सेवा दुसऱ्या संगणकावर मांडाव्या लागतात, आणि उठवण्याच्या फाइलचे नाव यंत्राच्या आयपी पत्त्याचे षोडशमान रूप असावे लागते: पत्ता १९२.१६८.१.५ असेल तर सी०ए८०१०५, आणि स्पार्कस्टेशन २० च्या वर्गासाठी त्यापुढे टिंब देऊन ‘सन४एम’. ही अक्षरे मोठ्या लिपीत न लिहिल्यामुळे फसलेले लोक मी पाहिले आहेत.

यंत्र एकदा उठले की खरा दाखला मिळतो तो डीमेसेज या नोंदीत. कार्यप्रणालीने आरंभी कोणकोणते भाग ओळखले याची ती ओळवार हकीकत असते आणि ती सावकाश वाचावी. ज्या ओळीच्या शेवटी ‘नॉट कॉन्फिगर्ड’ असे येते तो भाग यंत्रात आहे, कार्यप्रणालीला दिसला आहे, परंतु त्याच्यासाठी ड्रायव्हर नाही. समर्थित यंत्राच्या पोटातील असमर्थित अवयव तो हाच. शिवाय ड्रायव्हर लागू झाला म्हणजे सर्व साधले असेही नव्हे, कारण चित्रपत्ता पडद्यावर अक्षरे उमटवतो आणि तेवढ्यावरच थांबतो, त्याची त्रिमिती-शक्ती निजलेलीच राहते, असे पुष्कळदा घडते. कामापुरते अक्षर उमटत असेल तर मी त्याची खंत करीत नाही.

कोणती प्रणाली घ्यावी हा प्रश्न आता काळानेच बराच सोपा केला आहे. डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून स्पार्क, म्हणजे सनच्या यंत्रांची प्रोसेसर-जात, सोडली. ओपनबीएसडीची बत्तीस-बिटी स्पार्क शाखा २०१६ मधील ५.९ नंतर थांबली, चौसष्ट-बिटी मात्र चालू आहे. फ्रीबीएसडीने २०२१ च्या तेराव्या आवृत्तीत चौसष्ट-बिटी स्पार्कलाही निरोप दिला. यातील शेवटच्या निर्णयात यंत्रांचा काहीच दोष नव्हता. प्रकल्पाने जुना जीसीसी कंपायलर आपल्या पदरातून काढला आणि नव्या कंपायलरला ही यंत्रे पुरेशी अवगत नव्हती. जुन्या यंत्राचा अंत पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या भागांमुळे न होता कंपायलरमुळे होतो, हे खरेदी करणारा सहसा ध्यानात घेत नाही. बत्तीस-बिटी यंत्र असेल तर नेटबीएसडी हाच आज शहाणपणाचा मार्ग. तिची संपूर्ण प्रणाली दुसऱ्या वेगवान संगणकावर संकलित करून आणता येते, त्यामुळे पन्नास-साठ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला आठवडाभर राबवावे लागत नाही.

तरीही वरचे सॉफ्टवेअर सर्वच चालेल अशी अपेक्षा धरू नये. स्पार्क मोठा बाइट आधी मांडतो आणि चार बाइटांची संख्या चारच्या पटीच्या पत्त्यावर नसेल तर ‘बस एरर’ देऊन कार्यक्रम तत्क्षणी बंद करतो. इंटेलच्या यंत्रावर वर्षानुवर्षे बिनदिक्कत चाललेल्या बेफिकीर सी कार्यक्रमांचे दोष येथे पहिल्याच मिनिटाला उघडे पडतात. विद्यार्थ्याला सी शिकवायचे असेल तर याहून कडक आणि निःपक्षपाती परीक्षक मला ठाऊक नाही. आजचा वेब ब्राउझर मात्र विसरावा. माझ्या मते अशा यंत्रावर ज्याला घरगुती टपाल, फाइलींचा साठा किंवा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास करायचा आहे त्याने ते घ्यावे. ज्याला रोजच्या कामाचा संगणक हवा आहे त्याने त्या पैशात कोणताही जुना लॅपटॉप घ्यावा, विजेचे बिलही कमी येईल.

आणि ज्याचे यंत्र एकदाचे उठले, त्याने आपली डीमेसेज नोंद प्रकल्पाकडे अवश्य पाठवावी; ओपनबीएसडीने तर त्यासाठी स्वतंत्र टपालपत्ता ठेवला आहे. त्यात कार्डांचे भाग-क्रमांक, ओपनबूटची आवृत्ती आणि जे चालले नाही तेही लिहावे.