एंडोस्कोपी: गुंगी, श्वास आणि घरी गेल्यावरचे दोन आठवडे

पोटाच्या एंडोस्कोपीत जिवावर बेतते ते पुष्कळदा दुर्बिणीमुळे नव्हे, तर गुंगीच्या औषधामुळे. मिडाझोलम, फेंटानिल किंवा प्रोपोफॉल दिल्यावर श्वास मंदावतो, घशाचे स्नायू सैल पडतात. हलकी गुंगी द्यायची ठरवूनही एखादा रुग्ण पाहता पाहता गाढ झोपेत जातो. मिडाझोलमवर फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. प्रोपोफॉलला मात्र उतारा नाही. औषध उतरेपर्यंत श्वसनमार्ग मोकळा ठेवणे आणि गरज पडल्यास मास्क-पिशवीने श्वास देणे हाच उपाय.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबणे धोक्याचे असते. नाकात ऑक्सिजनची नळी असेल, तर श्वास थांबल्यावरही पडद्यावर काही वेळ ९८ टक्के दिसत राहतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेषा त्याच क्षणी सपाट होते. म्हणूनच दुर्बीण हाताळणाऱ्या डॉक्टरांखेरीज केवळ रुग्णाच्या श्वासाकडे पाहणारी प्रशिक्षित व्यक्ती खोलीत हवी. ती आहे का, हे नातेवाइकांनी आधी विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

अमेरिकी विनोदी कलाकार जोन रिव्हर्स यांचा मृत्यू असाच गुंगीत श्वास बंद पडल्याने झाला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रोपोफॉल देऊन त्यांचा घसा आणि जठर तपासले जात असताना श्वास व हृदय बंद पडले. मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याने ४ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. गुंगीआधी वजन नोंदवलेले नव्हते आणि प्रकृती ढासळत असल्याचे वेळीच ओळखले गेले नाही, असे सरकारी तपासणीत आढळले. वजनाची नोंद क्षुल्लक वाटते, पण औषधाची मात्रा त्यावरही ठरते.

तपासणीच्या दिवशी सर्वांत जास्त घोळ होतो तो चहाचा. ‘उपाशीच आहे, फक्त अर्धा कप चहा घेतला’ असे रुग्ण सहज सांगतो. पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र खाण्यात धरला जातो आणि त्यानंतर साधारण सहा तास थांबावे लागते. गुंगीत उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली, तर न्यूमोनिया होतो. सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे ती चालू असल्यास आवर्जून सांगावे. जोराचे घोरणे, आधीच्या भुलीचा त्रास, कवळी, हलणारा दात हेही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, कारण स्टेंट बसवलेल्या रुग्णाला त्याने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

मोठ्या आतड्याच्या तपासणीआधी, म्हणजे कोलोनोस्कोपीआधी, घ्यायच्या जुलाबाच्या औषधाने वृद्धांना चक्कर येते, मधुमेहींची साखर उतरते. त्या रात्री सोबत कोणीतरी असावे.

घरी गेल्यावर पोट थोडे फुगते, वारा सरला की बरे वाटते. दुखणे मात्र वाढत गेले, पोट कडक झाले, ताप आला किंवा खांदा दुखू लागला, तर आतड्याला छिद्र पडल्याची शंका घ्यावी. पित्तनलिकेच्या ईआरसीपीनंतर पोटात वरच्या बाजूला दुखून पाठीत कळ गेली, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. आतड्यातली गाठ (पॉलिप) काढल्यानंतर रक्तस्राव दोन आठवड्यांनीही होतो. अशा वेळी दुखणे दाबणारी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. काय काढले, कोणते औषध दिले हे लिहिलेला कागद घेऊन थेट इमर्जन्सी विभागात जावे.