‘चार्ज’ : एक शब्द, अनेक अर्थ

‘चार्ज’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ गाडीवर ओझे लादणे असा होय. बदली झालेला कर्मचारी सोपवितो तो कार्यभार, न्यायालय ठेवते तो दोषारोप, पोलीस करतात तो लाठीमार. विज्ञानाच्या शिक्षकास तर प्रथम विद्युतप्रभारच आठवावयाचा!

खरी दक्षता हवी ती जमिनीच्या व्यवहारात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मधील ‘चार्ज’ म्हणजे मिळकतीवरील भार. कर्जाचा असा भार सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरात ‘बोजा’ म्हणून नोंदविला जातो. भाषांतरकाराने तेथे ‘आकार’ लिहिल्यास वाचणारा तो शेतसारा समजेल आणि जमिनीबरोबर दुसऱ्याचे कर्जही पदरात पाडून घेईल. मूळ अर्थाशी जुळणारा ‘बोजा’ हा शब्द गावकऱ्यांच्या तोंडी आहेच, तोच लिहावा.