नस दुखते कुठे, हे फिल्म सांगत नाही

चालक : मॅडम, एमआरआय झाला. एल-फोर, एल-फाइव्हमधली गादी सरकली, असं रिपोर्टात आहे. नागपूरजवळच्या वाडीतले आमचे ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, फिल्मवर दिसलं की विषय संपला. मग तुम्ही दुखणं वहीत लिहायला का सांगता?

डॉक्टर : कारण फिल्मवर गादी दिसते भाऊ, दुखणं दिसत नाही. कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय अमेरिकेत काढला होता. १९९४ साली तो अभ्यास छापून आला. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. म्हणून फिल्मचा आणि पायाचा मेळ बसावा लागतो. तुमची ही गादी सहसा कमरेची पाचवी नस दाबते. तेव्हा कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर उतरते आणि अंगठा वर उचलायला जोर पुरत नाही. त्याखालची नस दबली तर कळ मागून करंगळीकडे जाते, चवड्यावर उभं राहणं जड जातं. कळ कुठवर जाते, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? आणि दर वेळी कमरेचाच दोष नसतो. दोन्ही तळपाय रात्री जळत असतील तर आधी शुगर बघायची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा. कातडीवर बधिर चट्टा आणि पाऊल लोंबकळतंय, असं असेल तर कुष्ठरोग तपासायचा. विदर्भात तो विसरून चालत नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

चालक : पण रोज लिहीत बसलं तर दुखणं डोक्यातच बसेल. त्यापेक्षा गोळी घ्यावी, नाहीतर ऑपरेशन करून मोकळं व्हावं.

डॉक्टर : शंका रास्त आहे, म्हणून रोज लिहू नका. आठवड्यातून दोनदा चार ओळी पुरतात : शून्य ते दहात दुखणं किती, कळ कुठवर गेली, क्लच दाबताना वाढली का, न थांबता किती चाललात. औषधाचं नाव, डोस आणि त्रासही लिहा. गादीच्या दुखण्यावर प्रीगाबालिन सर्रास देतात, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, उलट चक्कर जास्त आली. स्टीअरिंगवर बसणाऱ्याला ही चक्कर परवडत नाही. तेच औषध मधुमेहाच्या नसदुखीत मात्र उपयोगी पडतं. ऑपरेशनचंही तसंच. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, २००७ साली तो छापला गेला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना थांबलेल्यांपेक्षा आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन लागलंच. तुम्ही थांबावं की नाही, हे तुमचा आकडा उतरतोय की चढतोय यावरून ठरेल.

चालक : आणि वहीची वाट न पाहता धावावं, असं काही?

डॉक्टर : लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर झपाट्याने उतरला, तर त्याच दिवशी नागपूरचं मेडिकल कॉलेज रुग्णालय गाठा, बाहेरगावी असाल तर जवळचं मोठं रुग्णालय. एरवी ही वही, जुन्या चिठ्ठ्या आणि फिल्म गाडीतच ठेवा. रायपूरला दुखणं उसळलं तर तिथल्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून करावं लागणार नाही, आणि लागू न पडलेली गोळी तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.