खोदण्यापूर्वी भूमीची चौकशी

विद्यार्थी मित्रहो, घरामागे गुरांसाठी गोठा, कापसासाठी कोठार किंवा न्हाणीघर उभारावयाचे ठरले, की वडीलधारी मंडळी मुहूर्त पाहतात, विटा-वाळूचा हिशेब करतात आणि गवंड्याला बोलावतात. परंतु ज्या भूमीवर भिंत उभी राहावयाची, तिच्या पोटात काय आहे हे विचारावयाचे बहुधा राहून जाते.

भूमीत वाहिन्या पुरणे ही काही आजची गोष्ट नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी नगरास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, भुयारी नहरींतून पाणी आणले. पुढे शहर वाढले आणि खाली काय आहे याचे भान न ठेवता झालेल्या बांधकामांनी त्या नहरींची ठिकठिकाणी हानी केली. जे डोळ्यांना दिसत नाही ते मनुष्य लवकर विसरतो, हाच या इतिहासाचा धडा होय.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यालाही तो लागू आहे. २०१६ साली तेलंगणात मिशन भगीरथ योजनेस प्रारंभ झाला व पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या गावोगाव पुरल्या गेल्या. त्यांच्या चरांतूनच इंटरनेटची ऑप्टिकल फायबर केबल नेण्याचे कामही राज्याने हाती घेतले. शिवाय कोठे विजेची केबल, कोठे सांडपाण्याचा नळ. आम्हां कोकणच्या माणसांना जांभ्या दगडावर उथळ पाया पाहण्याची सवय. येथली काळी माती मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. साहजिकच वाहिनीशी गाठ पडण्याचा संभव वाढतो.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम ग्रामपंचायत वा नगरपालिका, वीज वितरण कंपनी व टेलिफोन कंपनी यांच्याकडे चौकशी करावी. २०२३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाइल ॲप सुरू केले. खोदणारा आणि वाहिनीचा मालक यांची गाठ घालून देणे हे त्याचे काम. बेसुमार खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारने सांगितले होते.

नंतर अंगणाचे निरीक्षण करावे. नळाची तोटी, व्हॉल्व्हचे झाकण, विजेचा मीटर, पट्टीसारखी खचलेली माती, या सर्व खुणा होत. खुणा जोडून चुन्याची रेघ ओढावी. मात्र वाहिनी सरळच गेली असेल असे गृहीत धरू नये.

शोधक यंत्रेही असतात. विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखविले. त्याच तत्त्वावर अशी यंत्रे पुरलेली तार ओळखतात. पण प्लास्टिकच्या नळात किंवा काचेच्या तंतूत धातू नसतो, म्हणून तेथे ती मूक राहू शकतात. यंत्र बोलले नाही म्हणजे खाली काही नाही, असे समजणे धोक्याचे.

शेवटी रेघेजवळ हाताने, हलक्या फावड्याने, लहान चाचणी-खड्डा घ्यावा. पहार वा जेसीबी तेथे लावू नये. वाळूचा थर, ओळीने मांडलेल्या विटा किंवा रंगीत पट्टी दिसताच थांबावे. खाली केबल असण्याचा संभव असतो. केबलला घाव बसल्यास कोणीही स्पर्श करू नये. सर्वांनी दूर व्हावे आणि वीज कंपनीस तत्काळ कळवावे. वाहिनी सापडली तर गोठाच बाजूस सरकवावा. तिच्यावर भिंत बांधल्यास पुढे दुरुस्तीसाठी तीच भिंत पाडावी लागते.

मित्रहो, गोठा आपला असतो, पण त्याखालून जाणारे पाणी साऱ्या गल्लीचे असते. आणि पहार ज्याच्या हाती असते, तो मजूरही कोणाचा तरी पिता असतो. दोन दिवसांची चौकशी वाचवून त्याचा जीव पणाला लावणे, यास काटकसर म्हणता येणार नाही. आपल्या घरी खोदकाम निघेल तेव्हा हा प्रश्न प्रथम आपणच विचारावा.